शुक्रवारचा होकार

दादा दोन्ही मनगटांवर घड्याळं बांधत. डाव्या हातावर इंदूरची वेळ आणि उजव्या हातावर तिच्यापेक्षा साडेपाच तास मागची. ऑफिसात कोणी नवीन आलं की पहिल्याच दिवशी विचारायचं, "उजव्या हातावर लंडनचं टाइम का लावलंय?"

"लंडनचं नाही भिया," दादा इंदुरी ढंगात, शांतपणे सांगत. "लंडनवाले उन्हाळ्यात घड्याळ सरकवून घेतात. हे सर्व्हरचं टाइम आहे. हे कोणाच्याच गावाचं नाही, म्हणून याला कोणी हात लावत नाही."

मीही एकदा असाच नवीन होतो. हे उत्तर ऐकून मी हसलो, आणि जेवणाच्या सुट्टीत दोन्ही हात पुढे करून दादांची नक्कल करून दाखवली. माझ्याभोवती बसलेली पोरं खूप हसली. दादा तेव्हा दाराशी उभे होते, हे मला नंतर कळलं.

मी मूळचा सोलापूरचा. पुण्यात तीन वर्षं काढून इंदूरला आलो होतो. राजवाड्यामागच्या गल्लीत, साड्यांच्या एका घाऊक दुकानाच्या वर दुसऱ्या मजल्यावर आमचं ऑफिस होतं. माणसं वीसेक. दवाखाने, शाळा, संस्था यांच्यासाठी आम्ही वेब अ‍ॅप्लिकेशन्स बनवायचो आणि चालवायचो. दादा तिथले सगळ्यात जुने. पन्नाशी उलटलेली, अंग सडपातळ, शर्टाच्या बाह्या कोपरापर्यंत मोजून दुमडलेल्या. महूचं बौद्ध कुटुंब, आजोबा फौजेत, वडील फौजेत. दादांचे डोळे कच्चे निघाले म्हणून ते कॉम्प्युटरकडे वळले. रोज महूहून बसनं यायचे आणि उशिरा आल्याचं कोणाला आठवत नव्हतं.

त्यांच्याकडे पडद्यामागची कामं होती. हे काय असतं ते त्यांनी मला पहिल्या आठवड्यात समजावलं होतं, मला ते माहीत आहे हे माहीत असूनही. "वेबसाइट म्हणजे दुकानाचा काउंटर. गिऱ्हाईक येतो, मागतो, आपण देतो. पण काही कामं कोणी न मागता करावी लागतात ना. सकाळी आठवणीचे मेसेज पाठवायचे, हफ्त्याचा अहवाल बनवायचा, जुनी फाइल साफ करायची. त्याला टाइम बांधून द्यावा लागतो. टाइम झाला की काम आपलं आपण उठतं आणि निघतं."

"ऑटोमॅटिक," मी म्हणालो.

"ऑटोमॅटिक काही नसतं," दादा म्हणाले. "ज्याच्याकडे कोणी बघत नाही, त्याला लोक ऑटोमॅटिक बोलतात."

प्रत्येक कामासाठी त्यांच्या रजिस्टरात एक ओळ असे. कामाचं नाव, निघायची वेळ, लागणारा वेळ, आणि शेवटचा रकाना, 'कोण वाट बघतंय'. हा रकाना भरल्याशिवाय ते नवीन काम चढवत नसत. एकदा मार्केटिंगची मुलगी आली. सगळ्या ग्राहकांना वाढदिवसाच्या शुभेच्छा जातील असं काम तिला हवं होतं, रोज सकाळी बरोबर दहाला.

"कोण वाट बघतंय?" दादांनी पेन उघडलं.

"सर, कस्टमर्स."

"नाव सांग. एकाचं पण चालेल."

तिला एकही नाव सांगता येईना. दादांनी पेन बंद केलं आणि तिला डब्यातला भाजलेला पापड दिला. काम शेवटी चढलंच, कारण सरांचा हुकूम आला. सर म्हणजे आमचे मालक. पण दादांनी त्याची वेळ दहा वाजून सतरा मिनिटं अशी लावली. बरोबर तासाला ते कोणतंच काम सोडत नसत. "सगळ्यांना दहालाच निघायचंय. मग राजवाड्याच्या चौकात होतं तेच होणार ना. एक मिनिट आगे-मागे निघा, सगळे पोहोचतात."

एकच काम चुकून दोनदा निघालं तर काय, हा त्यांच्या चिंतेचा आणखी एक विषय. त्यांनी बायकोला आणि मुलाला वेगवेगळं जिरावन, म्हणजे पोह्यावरचा मसाला, आणायला सांगितलं होतं, आणि घरात दोन पुड्या आल्या होत्या. हा किस्सा ते प्रत्येक नव्या माणसाला सांगत. "पुडी दोन आल्या तर पोह्यावर जास्त टाकून खाऊ. पण पेशंटला एकाच इंजेक्शनचे दोन मेसेज गेले तर? म्हणून पहिले बघायचं, झालं का आधी. झालं असेल तर चूप बसायचं." पुण्यातल्या ट्रेनिंगमध्ये हेच मी मोठ्या शब्दांत शिकलो होतो. पण दादांचं ऐकताना मी बाजूच्याकडे बघून डोळे मिचकावत असे.

आमच्या ग्राहकांपैकी एक थॅलेसेमियाच्या मुलांसाठी काम करणारं छोटं केंद्र होतं. या मुलांना दर दोन-तीन आठवड्यांनी रक्त चढवावं लागतं, जन्मभर. केंद्रानं प्रत्येक मुलामागे काही रक्तदाते जोडून ठेवले होते. मुलाची पाळी यायच्या दोन दिवस आधी, सकाळी सात वाजून अकरा मिनिटांनी, ज्या दात्याची वेळ असेल त्याला आमच्याकडून मेसेज जाई. दाता येऊन रक्त देई आणि मुलाची सोय होई. दादांच्या रजिस्टरात या कामासमोरचा शेवटचा रकाना भरून समासात गेला होता. तिथं त्यांनी मुलांची नावं लिहिली होती, सगळी.

आणि रोज सकाळी अकरा वाजून दहा मिनिटांनी ते त्या केंद्रातल्या ताईंना फोन लावत. "जय भीम ताई. आज के मेसेज सब को पहुँचे? किती दाते बोलले येतो म्हणून?" मग आकडा रजिस्टरात लिहीत. पाच मिनिटांचं काम, रविवारीसुद्धा घरून. मी एकदा म्हणालो, "दादा, काम फसलं तर आपल्याला सूचना येतेच की."

"काम निघालं आणि पडलं तर ओरडतं," ते म्हणाले. "जे निघालंच नाही ते कुठून ओरडणार?"

मला हे वाक्य आवडलं होतं. तरीही मी त्याची नक्कल केली.

सरांनी मला घेतलं होतं ते सगळं जुन्या सर्व्हरवरून क्लाउडवर न्यायला. क्लाउडवर वेळा बांधून द्यायची तयार सोय असते. एका पानावर सगळ्या कामांची यादी, कोण कधी निघालं, किती वेळ लागला, सगळं दिसतं. मी सरांना एक अहवाल दिला. त्यात 'हाताने होणारी, अनावश्यक कामं' असा भाग होता, आणि पहिल्या क्रमांकावर दादांचा अकरा वाजून दहाचा फोन. सरांनी दादांना बोलावलं आणि म्हणाले, "दादा, अब ये फोन-वोन बंद. सिस्टम देख लेगा." दादांनी मान हलवली. त्या दिवशी अकरा वाजता ते उठून गॅलरीत गेले आणि वीस मिनिटं खाली साड्यांचे गठ्ठे उतरवणारे हमाल बघत उभे राहिले. मला वाईट वाटायला हवं होतं. मला जिंकल्यासारखं वाटलं.

एकेक करून कामं हलवली. ठरलेली पद्धत अशी की मी क्लाउडवर नवीन काम उभं करायचं, ते चालू झालं की दादांना सांगायचं, आणि दादांनी जुन्या सर्व्हरवरचं बंद करायचं. रक्तदात्यांचं काम सगळ्यात शेवटी उरलं. शुक्रवारी दुपारी मी ते उभं केलं. चाचणी घेताना खऱ्या दात्यांना मेसेज जाऊ नयेत म्हणून मी नवीन काम थांबवून ठेवलं. क्लाउडवर तशी सोय असते. काम यादीत दिसतं, वेळही दिसते, फक्त बाजूला बारीक अक्षरांत 'थांबवलेलं' असं येतं. माझी चाचणी नीट झाली. त्यानंतर ते पुन्हा सुरू करायचं होतं. तेवढ्यात छप्पन दुकानला चाट खायला जायचा बेत निघाला आणि पोरं जिन्यात उभी राहून मला हाका मारायला लागली.

मी बॅग उचलली तेव्हा दादा माझ्या टेबलाशी आले. हातात रजिस्टर.

"रक्तवाल्याचं जुनं बंद करू?"

"करा."

"नवीन चालू आहे ना? तू बघितलंस?"

"हो दादा. बघितलंय. चालू आहे."

"पक्का?"

"किती वेळा विचाराल? पक्का." मी हे जरा मोठ्यानं बोललो, जिन्यातल्या पोरांना ऐकू जावं म्हणून.

दादांनी रजिस्टरात काहीतरी लिहिलं आणि आपल्या जागेवर गेले.

शनिवारी मेसेज गेले नाहीत. रविवारी आणि सोमवारीही नाही. काही ओरडलं नाही. सोमवारी केंद्रात दाते आले नाहीत तेव्हा ताईंना वाटलं, लग्नसराई आहे, लोक बाहेरगावी गेले असतील. शिल्लक रक्तावर त्यांनी तो दिवस निभावला. मंगळवारी शिल्लकही संपली.

मंगळवारी सिमरोलजवळच्या एका गावातून एक बाई आपल्या सात वर्षांच्या मुलीला घेऊन आली होती. ती बाई तिथल्या मोठ्या इंजिनिअरिंग कॉलेजच्या खानावळीत पोळ्या लाटायची. सकाळी नऊपासून ती मुलीला मांडीवर घेऊन बाकावर बसली होती. मुलीला दोन दिवसांपासून ताप होता, आणि तिच्या गटाचं रक्त नव्हतं. दुपारी एकला ताईंनी आमच्याकडे फोन केला. फोन मी घेतला.

मी ते यादीचं पान उघडलं. कामाच्या बाजूला बारीक अक्षरं होती. मागं कोणी उभं नव्हतं. मी बटण दाबून काम सुरू केलं, राहिलेल्या दात्यांना लगेच मेसेज सोडले, आणि खुर्ची वळवून ऑफिसातल्या बाकीच्यांना म्हणालो, "चालू तर दिसतंय. काय झालं होतं, बघतो."

हे सगळं घडायला एक मिनिटसुद्धा लागलं नाही. त्या मिनिटात मी कोण आहे ते ठरलं.

रक्त संध्याकाळी मिळालं. पण तोवर मुलीला धाप लागली होती. तिला मोठ्या दवाखान्यात हलवलं, दोन दिवस ऑक्सिजन लावला. ती वाचली. हे मी लगेच सांगतो, कारण तेव्हा ते कळेपर्यंतचे दोन दिवस मी जेवू शकलो नव्हतो. पण बोललोही नव्हतो.

बुधवारी सरांनी सगळ्यांना बसवलं. केंद्राच्या अध्यक्षांचं कडक पत्र समोर होतं.

"पुराना किसने बंद किया?" सरांनी विचारलं.

"मैंने, सर," दादा म्हणाले. "शुक्रवार शाम को."

"और नया कब से चालू है?" सर माझ्याकडे वळले.

"कल से, सर," मी म्हणालो. "मंगलवार से."

यातलं एक अक्षरही खोटं नव्हतं. नवीन काम मंगळवारपासूनच चालू होतं. सरांना वाटलं, ते मंगळवारीच सुरू व्हायचं ठरलेलं असणार. मला ठाऊक होतं की त्यांना असंच वाटेल.

"दादा, नया चालू हुआ नहीं और आपने पुराना बंद कर दिया?"

दादांनी माझ्याकडे बघितलं. मी लॅपटॉपकडे बघत होतो. पडद्यावर काहीच नव्हतं. दादांसमोर रजिस्टर उघडं होतं आणि शुक्रवारच्या ओळीत त्यांच्या वळणदार अक्षरांत लिहिलेलं मला उलट्या बाजूनंही वाचता आलं : 'विचारून बंद केलं.' पुढं माझं नाव आणि वेळ.

दादांनी रजिस्टर मिटलं.

"देखे बगैर बंद किया, सर. नहीं करना चाहिए था."

क्लाउडवर कोणी काय केलं याची नोंद राहते. कोणी थांबवलं, कोणी सुरू केलं, कोणत्या क्षणी. माझं नाव तिथं दोनदा होतं. कोणी ते पान उघडलं असतं तर दोन मिनिटांत सगळं उघड झालं असतं. कोणी उघडलं नाही. माझ्यासारख्या नव्या, हुशार, पुण्याहून आलेल्या माणसावर संशय घ्यायची कोणाला गरज वाटली नाही. दोन घड्याळं घालणारा म्हातारा माणूस समोर असताना तर नाहीच. त्याला तसा करून ठेवायला मीच दोन महिने नकला केल्या होत्या.

दादांचा पासवर्ड काढून घेतला गेला. त्यांना ग्राहकांचे फोन घ्यायला बसवलं. तिथंही ते बाह्या मोजून दुमडत आणि प्रत्येकाचं नाव दोनदा विचारून लिहून घेत. माझ्याशी त्यांचं बोलणं बदललं नाही. "जेवलास का?" विचारत. मला ते रागावले असते तर बरं झालं असतं. महिन्याभरानं त्यांनी राजीनामा दिला. निरोपाचा केक कापला, सरांनी शाल दिली, आणि दादांच्या सचोटीवर चार वाक्यं बोलायला मला सांगितलं. मी बोललो. लोकांनी टाळ्या वाजवल्या.

त्यानंतर वर्ष गेलं. मला बढती मिळाली. आमच्याकडे एक नवीन मुलगी लागली होती. तिच्या हातून एक अहवाल दोनदा गेला. ती दहा मिनिटांत माझ्या टेबलाशी आली आणि म्हणाली, "सर, माझ्यानं गलती झाली, मी रोकलंय, आता काय करू?" चेहरा पांढरा पडला होता, पण ती सरळ उभी होती. मी तिला बसायला सांगितलं. ती गेल्यावर मी बराच वेळ कुठलंही काम करू शकलो नाही. त्या रविवारी मी महूला गेलो.

दादा घरासमोर खुर्ची टाकून एका शाळेची हजेरी लॅपटॉपवर चढवत होते. आता ते त्या शाळेचं कॉम्प्युटरचं काम बघत. त्यांच्या पत्नी बाहेर आल्या आणि माझं नाव ऐकून म्हणाल्या, "अच्छा, तुम्हीच का ते. हे नेहमी बोलतात, पोरगा कामाला फार तेज आहे म्हणून." त्या पाणी आणायला आत गेल्या तेव्हा मी सगळं सांगितलं. थांबवलेलं काम, ते बटण, 'मंगळवारपासून'.

दादांनी ऐकून घेतलं. "पता आहे मला," ते म्हणाले. "मंगळवारी माझा पासवर्ड चालू होता ना. मीटिंगच्या आधीच बघितलं मी."

"मग बोलला का नाही?"

"तू बोलशील वाटलं. तुझी बारी होती. तू बोलला नाहीस, मग मी माझ्या हिश्शाचं बोललो. न बघता बंद केलं, हे तर खरंच होतं."

"माझं नाव तुमच्या रजिस्टरात होतं, दादा."

"हो. दाखवलं असतं तर तुझी नोकरी गेली असती. पोरीला काय मिळालं असतं?" त्यांनी लॅपटॉप मिटला. "मी संत-बिंत नाही हां. राग आला होता. खूप आला. बायकोला पण नाही सांगितलं, कारण सांगितलं असतं तर रोज तेच बोललो असतो."

मी माफी मागितली.

"मला सांगून तुझं हलकं होत असेल तर होऊ दे," ते म्हणाले. "पण त्या बाईला जाऊन सांगितलंस का?"

मी सांगितलं नव्हतं. मला ते सुचलंही नव्हतं. माझ्या मनात वर्षभर दादा होते, सर होते, मी स्वतः होतो. बाकावर मुलीला मांडीवर घेऊन बसलेली बाई त्यात कुठंच नव्हती. एवढी लाज मला त्या मीटिंगमध्येही वाटली नव्हती.

सोमवारी मी सरांना सगळं लिहून दिलं. सरांनी वाचलं, दार लावून घेतलं आणि म्हणाले, "अब छोड़ो यार, पुरानी बात है. क्लाइंट को मत बोलना." मी केंद्रातल्या ताईंना सांगितलंच. त्यांनी त्या बाईंना विचारलं, आणि त्या हो म्हणाल्यावर मला गावाचं नाव दिलं.

सिमरोलला उतरून मी लसणाच्या वाफ्यांमधून चालत गेलो. बाई अंगणात धान्य पाखडत होत्या. मुलगी ओट्यावर पाटी घेऊन बसली होती, तिच्या हातावर सुईच्या खुणा. बाईंनी खाट टाकली, चहा आणला. मी हिंदीत सांगायला लागलो, मेसेज का गेला नव्हता ते.

"वो साब तो आए थे," त्या मध्येच म्हणाल्या. "पिछले साल. बुजुर्ग से थे. हाथ जोड़ के बोले, गलती मेरी थी."

"उनकी नहीं थी," मी म्हणालो. "मेरी थी. मैंने छुपाई थी."

"तो वो क्यों बोले?"

त्यांनी माझ्याकडे नीट बघितलं. मुलीची पाटी उचलली, तिला हाताला धरून आत नेलं. आतून म्हातारीचा आवाज आला, बहुतेक सासूचा. "कुण आयो है?"

"जिने नी बतायो थो," बाई म्हणाल्या, "वो."

ज्यानं सांगितलं नव्हतं, तो. चहा माझ्या हातात होता. मी तो पूर्ण प्यायलो, कप विसळून ओट्यावर पालथा ठेवला, आणि कोणी बाहेर येतं का म्हणून थोडा वेळ अंगणात उभा राहिलो. कोणी आलं नाही.